ज्याने विचारलं त्यानेच कापावं

मराठीत सध्या मुलाखतींचं उदंड पीक आलं आहे. दोन खुर्च्या, दोन माइक, मागे पुस्तकांचं कपाट आणि समोर कुणीतरी नामवंत. दीड-दोन तास बोलणं होतं, मुलाखतकार हात जोडून आभार मानतो आणि मेमरी कार्ड काढून एडिटिंगच्या पोराकडे देतो. ‘पसारा आवर, तासाभरात बसव, चार रील काढून ठेव.’ त्याच्या लेखी काम संपलं. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने प्रश्न विचारले त्यानेच ती मुलाखत हेडफोन लावून पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकली पाहिजे आणि स्वतःच्या हाताने कापली पाहिजे. जो हे करत नाही त्याला मुलाखत घेता येत नाही, मग त्याच्या नावावर शंभर भाग असोत की हजार. तो स्वतः अडाणी राहतो ते राहतोच, वर समोरच्या माणसाचं नुकसान करतो.

मी ध्वनिमुलाखती घेतो. चित्र नाही, नुसता आवाज. गिरण्यांत राबलेली माणसं, खानावळी चालवलेल्या बाया, छापखान्यातले जुळारी, एसटीचे निवृत्त कंडक्टर. प्रश्न विचारण्याबद्दल मला जे काही येतं ते कुठल्या कार्यशाळेत मिळालेलं नाही. ते सगळं एडिटिंगच्या टेबलावर मिळालं, कारण मुलाखतकाराला कुणी तोंडावर सांगत नाही ते सगळं तिथे सांगितलं जातं.

समोरचा बोलत असताना आपल्याकडचे मुलाखतकार गप्प बसत नाहीत. ‘हं, हं’, ‘अरे वा’, ‘बरोबर, बरोबर’, ‘क्या बात है’ अखंड चालू. खोलीत ते आपुलकीचं वाटतं. ध्वनिमुद्रणात ते त्या माणसाच्या शब्दावर बसलेलं असतं. दोघांना वेगळे माइक दिले तरी एका खोलीत दोन्ही आवाज दोन्ही माइकमध्ये शिरतात. ‘अरे वा’ काढायला जावं तर खालचा शब्द ओरखडला जातो. एखादी बाई नवऱ्याच्या मरणाबद्दल इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य बोलते आणि त्या वाक्याच्या शेवटच्या दोन अक्षरांवर तुमचं ‘बरोबर’ कायमचं चिकटलेलं राहतं. ते सोडवण्यात ज्याची अख्खी संध्याकाळ गेली तो पुढच्या खेपेला तोंड मिटून नुसती मान हलवतो. ज्याच्यासाठी ते दुसरं कुणी सोडवतं तो जन्मभर ‘बरोबर, बरोबर’ करत राहतो, आणि आपले लोक त्यालाच रसिक मुलाखतकार म्हणून शाल घालतात.

प्रश्नांचंही तेच. ‘तुमचं बालपण कसं गेलं, म्हणजे गावाकडे, आणि मग मुंबईला कसं येणं झालं, आणि त्यात घरच्यांचा पाठिंबा कितपत होता?’ माणूस बिचारा शेवटच्याचं उत्तर देतो, कारण त्याला तेवढंच लक्षात राहिलेलं असतं. पाठिंबा होता, म्हणतो. गाव राहिलं, मुंबईचा पहिला दिवस राहिला. आणि ‘तेव्हा तुम्हाला फार अभिमान वाटला असेल, नाही का?’ यावर ‘हो’ यापलीकडे काय येणार? त्या ‘हो’चं टेबलावर काहीही करता येत नाही. प्रश्न ठेवला तर भाषण तुमचं, प्रश्न काढला तर ‘हो’ अधांतरी. स्वतः कापणाऱ्याला अशा पाच-सहा ‘हो’पाशी अडकल्यावर कळतं की आपण विचारत नव्हतो, समोरच्याकडून सही घेत होतो.

सगळ्यात मोठा धडा शांततेचा. २००९ साली तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगातल्या दहा भाषांमधल्या रोजच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हो-नाही अशा प्रश्नांना उत्तर यायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, असं त्यात निघालं. सेकंदाचा पाचवा हिस्सा. भाषाभाषांत फरक आहे, पण थोडाच. बोलण्याची ही लय आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की दोन सेकंद कुणी बोललं नाही की मुलाखतकाराच्या पोटात गोळा येतो आणि तो पुढचा प्रश्न टाकून मोकळा होतो. टेबलावर ती शांतता डोळ्यांना दिसते. पडद्यावर आवाजाची नक्षी सपाट होते, आणि त्या सपाट रेघेच्या पलीकडे, ज्याने वाट पाहिली त्याला, अख्ख्या मुलाखतीतलं एकच खरं वाक्य सापडतं. ज्याने पाहिली नाही त्याच्या पडद्यावर सपाट रेघेनंतर त्याचा स्वतःचाच आवाज उसळलेला असतो. अशी एक जागा पाहिली की माणूस सुधारतो. पण ती पाहावी लागते. मेमरी कार्ड देऊन घरी गेलेल्याला ती कोण दाखवणार?

हे झालं विचारणाऱ्याच्या शिक्षणाचं. नुकसानीची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती मराठी वाक्याच्या ठेवणीतच दडलेली आहे.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. ‘मी युनियनच्या विरोधात साक्ष दिली नाही.’ यातला शेवटचा अर्धा सेकंद गेला की माणूस फितूर ठरला. एवढं ढळढळीत कुणी करत नाही, असं म्हणाल. मग पुढचं ऐका. ‘संप म्हणजे आत्महत्या होती, असं मालकाची माणसं चाळीत येऊन सांगायची.’ यातल्या ‘होती’नंतर बोलणारा श्वास घेतो. कात्री तिथे अलगद बसते. रील तयार: जुना गिरणी कामगार सांगतोय, संप म्हणजे आत्महत्या होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार ज्यात उतरले त्या संपाबद्दल आजही एकाच घरात दोन मतं आहेत. त्यात तुम्ही एका म्हाताऱ्याला त्याचं नसलेलं मत चिकटवून मोकळे झालात. शेजारी, भाऊबंद, जुने सोबती उद्या त्याच्या तोंडावर ती रील वाजवणार आहेत.

‘असं म्हणायचे’, ‘असं आपलं माझ्या कानावर आलं’, ‘खरं-खोटं देव जाणे’ हे सगळं मराठी माणूस वाक्याच्या शेपटीला बोलतो, आणि शेपटीला येता येता त्याचा आवाज खाली उतरलेला असतो. सॉफ्टवेअरला एक मर्यादा घालून दिलेली असते: एवढ्याहून खालचा आवाज म्हणजे शांतता, तो उडवायचा. मग ‘असं म्हणायचे’ उडतं आणि ऐकीव गोष्ट साक्ष होऊन बसते. त्यात कुणाचा हेतू वाईट असावा लागत नाही. दुर्लक्ष पुरतं.

आणि हात सफाईचा असेल तर काही म्हणता काही ऐकू येत नाही. क, त, प उच्चारण्याआधी तोंडातली हवा क्षणभर अडते, तिथे खरोखरची शांतता असते. कात्री तिथे लपते. स्वरावर किंवा म, न, ल यांच्या मधोमध कापलं तर कानाला ठेच लागते, म्हणून कसबी माणूस तिथे कापत नाही. खोली सोडण्यापूर्वी अर्धं मिनिट कुणी न बोलता पंख्याचा, रस्त्याचा, भिंतींचा आवाज मुद्रित करून ठेवतात तोही सांधे बुजवायलाच. हे कसब मला येतं आणि मला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच सांगतो, ऐकणाऱ्यापाशी या कसबाविरुद्ध कुठलंही हत्यार नाही. छापलेल्या मुलाखतीवर वाचक संशय घेतो. आवाजावर घेत नाही. त्याला वाटतं, माणूस स्वतःच तर बोलतोय.

परळच्या एका चाळीत खानावळ चालवलेल्या एका आजींशी मी बोललो होतो. मूळच्या साताऱ्याकडच्या. बायको-पोरं गावी ठेवून गिरणगावात एकटे राहणारे हजारो कामगार अशा बायांच्या हातचं जेवून जगले. याच बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मी विचारलं, संपात खानावळ बंद पडली का? मूळ ध्वनिमुद्रणात उत्तर असं आहे.

‘न्हाई. बंद न्हाई पडली.’ मग बराच वेळ काही नाही. खालून भंगारवाल्याची हाळी. ‘मान्सं यायची, जेवायची. पैसं मागितलं न्हाईत म्या कुनाला.’ पुन्हा थांबल्या. भांडं सरकवल्याचा आवाज. ‘म्हंजी मागितलं. एकदा मागितलं. तो ताटावरनं उठला. भाकरी तशीच. पुन्यांदा आला न्हाई.’

कार्यक्रम ज्यांचा होता त्यांनी फाइल त्यांच्या माणसाकडे दिली. परत आली तेव्हा आजी सलग बोलत होत्या: बंद न्हाई पडली, मान्सं यायची, जेवायची, पैसं मागितलं न्हाईत म्या कुनाला. खाली बासरी. निवेदनात ‘गिरणगावची अन्नपूर्णा’.

ती फाइल मी चालू दिली नाही. कापणाऱ्या मुलाला विचारलं, तेव्हा तो मनापासून म्हणाला, ‘सर, त्या स्वतःचंच बोलणं खोडत होत्या. ऐकणारा कन्फ्यूज होतो. पहिलं वाक्य क्लीन होतं.’ त्याने लबाडी केली नव्हती. अडखळणं काढ, पुनरुक्ती काढ, विसंगती काढ, असंच त्याला शिकवलेलं होतं. त्या बाईने आधी मला ते सांगितलं जे ती सगळ्यांना सांगत आली होती. मग भांडं सरकवून ते सांगितलं जे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. संपाच्या त्या काळात उपाशी माणसाकडे पैसे मागणं काय असतं आणि न मागता चूल पेटती ठेवणं काय असतं, हे सगळं त्या खोडलेल्या वाक्यात होतं. कापणाऱ्याने लोकांसाठीचं ठेवलं आणि खरं कचऱ्यात टाकलं. तो त्या खोलीत नव्हता. तिने नजर कुठे वळवली ते त्याने पाहिलं नव्हतं. त्याला दिवसात अशा चार फाइली उरकायच्या होत्या. दोष त्याचा नाही. त्याच्यापुढे ती फाइल टाकून निघून जाणाऱ्यांचा आहे. बाईला देवी करून टाकायचं, म्हणजे मग तिचं ऐकून घ्यावं लागत नाही, ही आपली जुनी खोड आहे. ती आता कात्रीतही उतरली आहे.

ज्यांनी हे काम इमानाने केलं त्यांच्याकडे पाहा. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्याशी बोलून उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आणलं. गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून गिरणगावाचा इतिहास मांडणारं मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं पुस्तक २००४ साली आलं. दोन्हीकडे ज्यांनी विचारलं त्यांनीच मांडलं. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्यातल्या अनेक ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात आणि ओवीपुढे ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आहे. आपल्या पॉडकास्टांत प्रायोजकाचं नाव तीनदा येतं आणि बोलणाऱ्या म्हातारीचं ‘एक खानावळवाली’ एवढ्यावर भागवतात.

चुकीचा काप काय करतो हे जगाने पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्ड शहरात जॉर्ज झिमरमनने ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोळी घालून मारलं. त्याआधी त्याने पोलिसांना केलेला फोन ध्वनिमुद्रित होता. एनबीसी वाहिनीने तो कापून वाजवला. कापलेल्या रूपात झिमरमन म्हणतो की हा पोरगा काहीतरी भानगड करायला आलेला दिसतोय, आणि लगेच पुढे म्हणतो की तो काळा दिसतोय. मूळ फोनमध्ये या दोन वाक्यांच्या मधे फोन घेणाऱ्याचा प्रश्न होता: तो गोरा आहे, काळा आहे की हिस्पॅनिक? प्रश्न काढला आणि विचारल्यावर दिलेलं उत्तर आपणहून ओकलेलं विष झालं. वाहिनीला माफी मागावी लागली, माणसं कामावरून गेली. झिमरमनबद्दल माझ्या मनात काडीची सहानुभूती नाही. पण मेलेल्या मुलाच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हातात खोटा पुरावा देऊन त्या वाहिनीने घात त्या मुलाच्याच घरच्यांचा केला. विरोधकांना ‘बघा, सगळं रचलेलं आहे’ म्हणायची सोय झाली.

बीबीसीचं तर अगदी अलीकडचं. ६ जानेवारी २०२१ च्या ट्रम्प यांच्या भाषणातले, एकमेकांपासून जवळपास तासाभराच्या अंतरावरचे दोन तुकडे जोडून एका कार्यक्रमात सलग वाजवले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीने माफी मागितली, महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. तिथे निदान खुर्च्या हलल्या. आपल्याकडे असल्या जोडकामाला ‘टाइट एडिट’ म्हणून शाबासकी मिळते.

मग काय, कापूच नये? कापावंच लागतं. दोन तासांचं दोन तास कुणी ऐकत नाही आणि ऐकावं अशी सक्तीही नाही. जॅनेट माल्कम या लेखिकेवर जेफ्री मॅसन यांनी आपल्या तोंडी भलती वाक्यं घातल्याचा दावा केला होता. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९१ साली न्यायालयाने म्हटलं की अवतरणातले शब्द बदलले एवढ्याने ते खोटं ठरत नाही, अर्थामध्ये ठळक फरक पडला तर ठरतं. ते छापील अवतरणांबद्दल होतं, पण कात्रीलाही मला हाच कायदा पटतो. मात्र अर्थात फरक पडला की नाही हे कोण सांगणार? ज्याने प्रश्न विचारला, ज्याने ते तोंड पाहिलं, ज्याला माहीत आहे की भंगारवाल्याच्या हाळीनंतरची शांतता विसरण्याची नव्हती, ठरवण्याची होती, तोच सांगू शकतो. दुसरा कुणीही अंदाज करतो.

स्पूलच्या जमान्यात टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर या वेगाने फिरायची. कापायची जागा शोधायला दोन्ही रिळं हाताने मागे-पुढे हलवत तो शब्द कानाने धुंडाळावा लागे, मेणपेन्सिलीने खूण करावी लागे, मग ब्लेडने तिरका काप, वर चिकटपट्टी. कापलेला तुकडा हातात राहायचा. कुणाचं काय कापलं ते कापणाऱ्याला ठाऊक असायचं, कारण ऐकल्याशिवाय कापणं शक्यच नव्हतं. आज लोक डोळ्यांनी कापतात. पडद्यावर फुगवटा दिसला की ठेवायचा, सपाट दिसलं की उडवायचं. त्याहून पुढची पायरी म्हणजे ‘अनावश्यक शब्द काढा’ असं एक बटण. ‘म्हणजे’, ‘आपलं ते’, ‘काय म्हणतात त्याला’, ‘असं झालं की’ हे सगळं एका दाबात साफ. श्वाससुद्धा काढतात. मग मालवणी बाई आणि विदर्भातला शेतकरी एकाच चालीत, एकाच घाईत, दम न घेता बोलू लागतात. ज्या महाराष्ट्रात दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणून आपण भाषणं ठोकतो त्या महाराष्ट्राची सगळी बोली आपण एका बटणाने इस्त्री करून ठेवली. ‘न्हाई’ म्हणणारीला पुन्हा एकदा ‘नाही’ म्हणायला लावून नवा टेक घेणारे महाभागही मला माहीत आहेत. त्यांना मी मुलाखतकार म्हणत नाही, शाळामास्तर म्हणतो, आणि तेसुद्धा वाईट शाळेतले.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त चीड आणते ती. आपल्याकडे मंत्री, उद्योगपती, नट मुलाखतीला आले की त्यांचा माणूस आधी प्रश्न मागवून घेतो. तीन प्रश्न खोडले जातात. ध्वनिमुद्रण झाल्यावर फाइल त्यांच्याकडे ‘एकदा बघायला’ जाते आणि तिथून काय काढायचं याची यादी येते. मुकाट्याने काढलं जातं. आणि परळच्या आजींसारख्यांना? त्यांना कार्यक्रम कधी लागला तेही कुणी कळवत नाही. कापलेलं ऐकवणं ही तर कुणाच्या डोक्यातच नसलेली गोष्ट. ज्यांच्याकडे सत्ता आहे, वकील आहेत, प्रसिद्धीखातं आहे त्यांना कात्रीवर हक्क, आणि ज्यांच्याकडे आवाजाखेरीज काही नाही त्यांच्या आवाजावर बासरी.

हे पुरतं उलटं असायला हवं. सत्तेवरच्या माणसाला प्रश्न आधी द्यायचे नाहीत, फाइल आधी ऐकवायची नाही. तो जे बोलला त्याची जबाबदारी त्याची. आणि ज्या माणसाचं सगळं आयुष्य तुम्ही अर्ध्या तासात बसवणार आहात, त्याच्या घरी जाऊन, त्याच्या शेजारी बसून, तो अर्धा तास त्याला ऐकवायचा. ‘हे माझ्या सुनेला ऐकू नका देऊ’ असं ती म्हणाली तर ते काढायचं, कारण त्या घरात तिला राहायचं आहे, तुम्हाला नाही. पत्रकारितेचं तत्त्व वगैरे मला सांगू नका. तत्त्व मंत्र्यापुढे आठवत नाही आणि म्हातारीपुढे आठवतं, तर ते तत्त्व नव्हे.

शिकागोच्या रेडिओवर पंचेचाळीस वर्षं लोकांशी बोलत राहिलेले स्टड्स टर्केल एक प्रसंग सांगत. गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतीतल्या एका बाईला तिचंच ध्वनिमुद्रण त्यांनी ऐकवलं. आपल्याला असं वाटत होतं हे आपल्यालाच माहीत नव्हतं, असं ती ते ऐकून म्हणाली. मुलाखत परत ऐकवण्याने काय घडू शकतं याची ही परिसीमा. मी ऐकवतो तेव्हा बहुतेक लोक अशी मोठी गोष्ट बोलत नाहीत. एखादं साल दुरुस्त करतात. एखाद्या मेलेल्या माणसाचं नाव घालायला सांगतात. कधी म्हणतात, इथे मी गप्प का झालो ते आता सांगतो, आणि रेकॉर्डर पुन्हा सुरू करावा लागतो. ज्याने फाइल दुसऱ्याला कापायला दिली त्याला ही दुसरी मुलाखत कधीच मिळत नाही.

एवढा वेळ कुणाला आहे, असं विचारणारे भेटतात. तासभराचं ध्वनिमुद्रण नीट कापायला एक अख्खा दिवस जातो, हे खरं आहे. मग मुलाखती कमी घ्या. आठवड्याला दोन भाग टाकलेच पाहिजेत हा दंडक कुणी घातला? मराठी माणूस मुलाखतींवाचून उपाशी नाही. त्याच त्या नटाची तीच ती संघर्षगाथा त्याने पाच ठिकाणी ऐकली आहे. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे: कापणारा वेगळा असला तर त्याचे कान ताजे असतात, मुलाखतकाराला स्वतःच्या प्रत्येक प्रश्नाचा मोह असतो. मोह असतो, कबूल. म्हणून पहिला काप झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी ऐकवाच. तो म्हणेल ‘इथे कंटाळा आला’, त्याचं ऐका. खरखर काढणं, आवाजाची पातळी बसवणं ही ध्वनितंत्रज्ञाची कामं, ती त्याच्याकडेच द्या आणि त्याचे पैसे वेळेवर द्या. पण कुठलं वाक्य जगेल आणि कुठलं मरेल, हा निवाडा त्याच्यावर ढकलू नका.

आणि मूळ फाइल पुसू नका. हे मी संस्थांना, वाहिन्यांना, साहित्य मंडळांना, कुठल्या तरी शताब्दीनिमित्त पन्नास मुलाखती करून घेणाऱ्या सगळ्यांना बजावून सांगतोय. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेप महाग पडते म्हणून कार्यक्रम पुसून त्याच टेपा पुन्हा वापरल्या. त्यांच्यापाशी निदान टेपेच्या किमतीची सबब होती. तुमच्यापाशी काय आहे? ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माइकचं, कसलीही काटछाट न केलेलं तासभराचं ध्वनिमुद्रण साधारण अर्ध्या जीबीत मावतं. एक टीबीच्या डिस्कवर असे एकोणीसशेहून जास्त तास बसतात. त्या डिस्कच्या कित्येक पट खर्च तुम्ही प्रकाशन समारंभाच्या हारांवर आणि चहापानावर करता. तरी विचारायला गेलं की उत्तर मिळतं, ‘एडिटेड आहे, रॉ उडवला, जागा नव्हती.’ गिरणीत उभं आयुष्य काढलेली पिढी भराभर जाते आहे. त्यांच्यातल्या कुणाशी कुणीतरी तीन तास बोललं होतं, त्यातली वीस मिनिटं उरली, आणि त्या वीस मिनिटांत त्याने काय खोडलं होतं ते आता कुणालाही तपासता येणार नाही. नाव, गाव, तारीख, कुणी विचारलं, काय वापरायला परवानगी दिली आणि काय नको म्हटलं, एवढं एका कागदावर लिहून मूळ फाइलीसोबत ठेवा. दोन ठिकाणी ठेवा. ज्या संस्थेला एवढंही जमत नसेल तिने म्हाताऱ्या माणसांच्या दारात रेकॉर्डर घेऊन जाऊ नये.